दारावरची हिरवी कमान

प्रिय प्रेबेन,

'प्रिय' लिहिलं आहे ते सवयीनं, हुरळून जाऊ नकोस. पत्राची सुरुवात आणखी कशी करतात ते या वयात शिकायची मला हौस नाही. तू पहिल्यांदा घटस्फोट मागितलास तेव्हा मी नाही म्हटलं, दुसऱ्यांदा मागितलास तेव्हा विषय बदलला, आणि तिसरा निरोप आला तो न वाचताच पुसून टाकला. आज उत्तर देणार आहे, पण शेवटी. तोवर तुला बसून वाचावं लागेल. तुझ्या त्या युट्टेनं खांद्यावरून डोकावलं तरी माझी हरकत नाही. कोरसमध्ये तिला सूर सापडत नव्हता म्हणून तू मदतीला गेलास आणि तिकडेच राहिलास, तेव्हा आता तिला वाचून दाखवायचं कामही तुझंच.

काल आपल्या लग्नाला पन्नास वर्षं पूर्ण झाली. तू विसरला असशील असंच धरून चालते, कारण तुझ्या लक्षात होतं असं कळलं तर मला जास्त राग येईल. उजाडता उजाडता दारावर हातोडा वाजायला लागला. आपल्या गल्ल्यांमध्ये इतक्या सकाळी दारावर हातोडा वाजतो त्याचा एकच अर्थ असतो, आणि मी पांघरुणात पडल्या पडल्या तो ओळखला. शेजारी कमान उभी करत होते. स्प्रूसच्या झाडाच्या फांद्यांची हिरवी कमान, तिच्यावर कागदी फुलं आणि मधोमध सोनेरी पन्नासचा आकडा. ही कमान बांधताना नवरा-बायकोला विचारायचं नसतं, त्यांना कळूही द्यायचं नसतं. त्यांनी फक्त वाजंत्री ऐकून दचकून उठल्याचं सोंग करायचं, झोपायच्या कपड्यांत हातात हात घालून दारात यायचं, डोळे पुसायचे आणि सगळ्यांना आत बोलावून पाव, चीज आणि कडवट दारूचा एकेक पेला द्यायचा. हे सगळं दोघांनी करायचं असतं. मी पलंगाच्या कडेवर एकटी बसले होते आणि खाली कोणीतरी ट्रम्पेट फुंकत होतं, तेही बेसूर.

आता ही माणसं कोण ते ऐक, कारण तू गेल्यापासून ओळीतली आणखी काही घरं विकली गेली आणि तुला निम्मे चेहरे ओळखू येणार नाहीत. तुझे वडील इथे जन्मले तेव्हा घराच्या प्रत्येक मजल्यावर एक कुटुंब होतं, परसात सगळ्यांना मिळून एक संडास होता, आणि खालच्यांनी कोबी शिजवला की वरच्यांच्या कपड्यांना वास यायचा. तेव्हा शहरातल्या शहाण्या लोकांना घरांच्या या ओळी पाडून टाकायच्या होत्या. आता तेच शहाणे लोक इथे राहायला येतात, आतल्या सगळ्या भिंती पाडतात आणि बाहेरच्या भिंतीला कोणाला हात लावू देत नाहीत. गरिबांची घरं यांना फार आवडतात, त्यातले गरीब निघून गेले की. पुढे खोकं लावलेल्या सायकलीत मुलं आणि भाज्या एकत्र भरून आणतात, फुटपाथच्या फटीत गुलखेरा उगवला की त्याचा फोटो काढतात, आणि दरवाज्याला हिरव्याच्या चार छटांपैकीच एक लावायची असा ठराव करतात. या चार छटांवरून चार गट पडले आहेत आणि ते एकमेकांच्या मुलांच्या वाढदिवसाला जात नाहीत.

डाव्या हाताच्या घरात फ्रेडरिके राहते, ती तुला आठवेल. वास्तुरचनाकार आहे आणि आता गल्लीच्या मंडळाची अध्यक्षही झाली आहे. तिचा नवरा आस्गर रेडिओवर शांततेच्या महत्त्वाबद्दल तासभर न थांबता बोलतो. मागच्या उन्हाळ्यात फ्रेडरिके माझ्या दारातल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीबद्दल बोलायला आली. "अगं बोदिल, खुर्ची छानच आहे गं, पण ती घराच्या काळाशी जुळत नाही." मी म्हटलं, "घराच्या काळात लोक उंबऱ्यावर बसायचे. मी तिथे बसले तर मला उठवायला तुझं मंडळ येणार आहे का?" त्यावर ती खळखळून हसली. या लोकांचा तोंडावर अपमान केला तरी ते हसतात, त्यामुळे अपमान करण्यात काही राम राहिलेला नाही. पूर्वी आपल्या जुन्या शेजाऱ्याला, एयनारला, नुसतं "तुझा कुत्रा तुझ्यापेक्षा शहाणा आहे" म्हटलं तर तो महिनाभर बोलायचा नाही. ती माणसं शब्दाची किंमत ठेवायची.

मंडळानं गेल्या वर्षी गल्लीच्या इतिहासाची एक पुस्तिकाही काढली. जाड कागद, फिके रंग, पानोपानी मोकळी जागा. तिच्यात आपला फोटो आहे, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या कमानीखालचा, आणि खाली छापलं आहे, 'मूळ रहिवासी'. नावं नाहीत. जंगलात सापडलेल्या एखाद्या जमातीसारखे आपण उभे आहोत, तू बनियनमध्ये आणि मी तुझ्या कोटात. फोटोखाली तारीख होती, आणि तिथूनच या हुशार लोकांनी पन्नासचा हिशेब केला.

तो दिवस तरी तुला आठवत असेल. तुमचा जहाजांचा कारखाना बंद पडला होता, तू वेल्डिंगचा चष्मा खुंटीला टांगून दिवसभर खिडकीत बसायचास आणि मी हॉस्पिटलच्या धुलाईघरात दोन पाळ्या करत होते. कमानीचं नाव काढायची कोणाची हिंमत होईल असं मला वाटलं नव्हतं. तरी ते सगळे आले. एयनारनं अकॉर्डियन आणला. फांद्या कुठून तोडल्या ते कोणी बोललं नाही, पण त्या वर्षी दफनभूमीच्या कुंपणाला एवढं मोठं भगदाड होतं की त्यातून घोडा गेला असता. पाव कमी पडले तेव्हा लोकांनी आपापल्या घरून आणले. तू मला उचलून कमानीतून बाहेर नेलंस, उंबऱ्याला अडखळलास, आणि माझ्या कानात म्हणालास, "पन्नासाव्याला आपण खरंच झोपलेले असू, त्यांना हलवून उठवावं लागेल." मला ते फार आवडलं होतं. तू फारसं गोड बोलणाऱ्यातला नाहीस, म्हणून मी ते जपून ठेवलं. युट्टेला तू काय काय म्हणतोस ते मला सांगू नकोस.

दोन वर्षांपूर्वी तू गेलास तेही आठवतंय. दुपारची वेळ साधलीस, सगळे कामावर असताना, आणि पुढच्या दारानं न जाता परसातून गेलास, बॅग छातीशी धरून. "गल्लीत तमाशा नको," म्हणालास. एवढी जहाजं जोडलेला माणूस, आणि बायकोला सोडताना कचऱ्याच्या डब्यांमधून वाट काढत गेला. मी खिडकीतून बघत होते. तुझ्या पाठीवर वाळत घातलेल्या चादरीचं टोक लागलं आणि तू त्यालाही "माफ करा" म्हणालास.

तुझ्या गैरहजेरीचं काय केलं ते मी तुला कधी सांगितलं नाही. तुला मी एक भाऊ दिला आहे. त्याचं नाव हेनिंग, तो स्वेनबोर्गला राहतो, त्याच्या कमरेचं हाड मोडलं आहे आणि तो लग्नाशिवाय राहिल्यामुळे त्याचं करायला तुझ्याशिवाय कोणी नाही. आपल्याला मूलबाळ नाही, तेव्हा कोणाकडून खरं बाहेर पडायची भीतीही नव्हती. आठवडाभर तू हेनिंगकडे असतोस, शुक्रवारी अंधार पडल्यावर येतोस आणि सोमवारी कोणी उठायच्या आत जातोस. गल्लीनं हे सगळं गिळलं. फ्रेडरिकेनं हेनिंगसाठी एल्डरफुलांचं सरबत पाठवलं, ते मी प्यायले. आस्गरनं हाडांना बरा म्हणून कसला तरी काळा पाव भाजून दिला, तो मी बदकांना घातला आणि बदकांनीही सोडला. मागच्या हिवाळ्यात मी हेनिंगला मारूनच टाकणार होते, इतका त्याचा कंटाळा आला होता, पण मग तुला घरी यावं लागलं असतं.

आणि शनिवार-रविवारी मी तुझ्याशी बोलायची. मोठ्यानं, स्वयंपाकघरात, फ्रेडरिकेच्या भिंतीकडे तोंड करून. "प्रेबेन, कॉफी झाली." "प्रेबेन, तो रेडिओ जरा हळू कर." "प्रेबेन, चपला काढ, आत्ताच पुसलंय." तू इथे होतास तेव्हासुद्धा आपण इतकं बोलत नव्हतो. मध्यंतरी एकदा मी तुझ्याशी भांडलेसुद्धा, बटाटे जास्त शिजवल्यावरून, आणि भांडण झाल्यावर मला खरंच हुशारी वाटली. लोक किती मूर्ख असतात याची मला त्या दोन वर्षांत मनापासून खात्री पटली होती. दरवाज्याच्या रंगात काळ्याचा एक थेंब जास्त पडला तर यांना दुरून दिसतो, आणि शेजारच्या घरातून एक अख्खा माणूस नाहीसा झाला तर पत्ता नाही. मला त्यांची कीव यायची. रोज सकाळी मी खुर्चीत बसून त्यांच्याकडे बघायची आणि मनात म्हणायची, बघा, माझ्या गुलखेऱ्याला किती पानं आहेत ते मोजा.

तर काल मी एकटीच खाली उतरले. तुझा जुना कोट घातला होता, कारण थंडी होती, दुसरं काही कारण नाही. दार उघडलं तर सगळी गल्ली उभी, मुलांच्या हातात कागदी झेंडे, आस्गरच्या तोंडाला ट्रम्पेट. कमान एका बाजूला झुकलेली. फांद्या कशा गुंफायच्या ते त्यांनी म्हणे कॉम्प्युटरवर बघून शिकून घेतलं होतं, आणि त्यासाठी उपसमिती नेमली होती. एयनारनं ती बघितली असती तर तिथल्या तिथे उपटून फेकली असती. ते गायले. शेवटचं कडवं येईपर्यंत मी दारात उभी राहिले आणि माझा उजवा हात कुठे ठेवावा ते मला कळेना, म्हणून मी तो चौकटीवर ठेवला.

मग सगळे आत आले. पाव माझ्याकडे नव्हते, मी पाव आणले असते तर मला अपेक्षा होती असं झालं असतं. पण त्यांनी सगळंच आणलं होतं, लोण्यासकट, दारूसकट. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा उरली नाही. मी पेले काढता काढता सुरू केलं, की प्रेबेनला किती यायचं होतं, पण हेनिंग परवा पुन्हा पडला आणि डॉक्टरांनी सांगितलंय की त्याला एकटं सोडायचं नाही. फ्रेडरिके माझ्या शेजारी पाव कापत होती. तिनं सुरी खाली ठेवली आणि अगदी हळू म्हणाली, "बोदिल, हेनिंगला आता जाऊ दे."

मी म्हटलं, "म्हणजे काय?"

"भिंत एका विटेची आहे गं," ती म्हणाली. "दोन वर्षं आम्ही तुझं बोलणं ऐकतोय. पहिले काही महिने आम्हीही उत्तराची वाट बघायचो."

खोलीतल्या सगळ्यांची तोंडं चावायची थांबली होती. म्हणजे एकूण एक माणसाला माहीत होतं. रंगाच्या चारही गटांना माहीत होतं, मुलांनाही माहीत होतं. आस्गर खाली बघत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला शांततेबद्दल काही सुचत नव्हतं. मला इतकी चीड आली की हातातला पेला मी कोणावर तरी फेकणार होते, फक्त कोणावर ते ठरेना. मी विचारलं, "मग ही कमान कशाला? माझी थट्टा करायला?"

फ्रेडरिके म्हणाली, "त्यावर आमची बैठक झाली." मला वाटलंच होतं. या लोकांनी माझ्या नवऱ्याच्या पळून जाण्यावर बैठक भरवली, बहुतेक चहा आणि बदामाच्या केकसकट, आणि कोणीतरी हात वर करून बोलायची परवानगीही मागितली असेल. "आस्गर नको म्हणत होता," ती पुढे म्हणाली, "त्याला वाटलं तुला लागेल. पण पन्नास वर्षं झाली ती झालीच ना. दोघांपैकी एक तरी शेवटपर्यंत थांबलं. आमच्यातल्या निम्म्यांची पहिली लग्नं मोडली आहेत आणि दुसऱ्या लग्नांना अजून बारा वर्षंसुद्धा झालेली नाहीत. आम्ही कमान बांधणार तरी कोणाला, बोदिल?"

मी दारू ओतली. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं, वीस माणसं ताटल्या घेऊन उभी होती. मग आस्गरनं पेला वर केला, "बोदिलसाठी," म्हणाला, तुझं नाव घेतलं नाही, आणि सगळे प्यायले. ते गेले तेव्हा कप विसळून गेले, आणि विसळले ते इतके वाईट की मला सगळे पुन्हा धुवावे लागले. त्यांच्याबद्दल माझं मत बदललं आहे असं समजू नकोस. ते अजूनही बावळट आहेत. फांदी कशी बांधायची ते त्यांना येत नाही, पाव भाजता येत नाही, ट्रम्पेट वाजवता येत नाही. पण दोन वर्षं गप्प बसणं त्यांना आलं, आणि ते मला आलं नसतं. एयनारलाही आलं नसतं, त्यानं दुसऱ्याच दिवशी अकॉर्डियनवर गाणं रचलं असतं. हे मला काल दुपारपासून फार त्रास देत आहे.

रविवारी ते येऊन कमान काढतील. नियमानं त्या दिवशीही दोघांनी दारात उभं राहायचं असतं. तू ये असं मी म्हणत नाही, आणि तुला मनातून यावंसं वाटलं तरी येऊ नकोस. तुझी जागा भरायला आस्गर उभा राहणार आहे असं फ्रेडरिकेनं परस्पर ठरवून टाकलं, मी नको म्हणून सांगितलं आहे. मी एकटी उभी राहीन.

आता तुझं उत्तर. पहिल्यांदा मी तुला लिहिलं होतं, घटस्फोट दिला तर मी गल्लीत तोंड कसं दाखवू, लोक काय म्हणतील. तुला ते लगेच पटलं होतं, कारण तूही इथलाच, तुझ्याही पोटात तीच भीती, नाहीतर कचऱ्याच्या डब्यांतून कोण जातं. पण गल्लीला सगळं माहीत होतं आणि मी रोज तोंड दाखवत होते, तेव्हा ते कारण आता राहिलं नाही. काल दिवसभर मी दुसरं एखादं कारण शोधत होते. घर, म्हातारपण, तुझ्या आईला दिलेला शब्द, एकेक करून सगळी तपासली आणि एकही टिकेना. म्हणून आज दुपारी मी कॉम्प्युटरवर सरकारच्या त्या पानावर गेले, जिथे तुझा अर्ज दोन वर्षं माझ्या होकारासाठी अडकून पडला आहे, आणि होकार दिला. एक बटण आहे, बस. हे पत्र पोचायच्या आधीच तुला कळलेलं असेल, आणि तू विचार करत असशील की मग ही बाई आता कशाला लिहिते. त्या पानावर, प्रेबेन, सगळं विचारतात, जन्मतारीख विचारतात, पत्ता विचारतात, पण आतापर्यंत होकार का दिला नाही ते विचारत नाहीत. तूही कधी विचारलं नाहीस. गल्लीचं काही नव्हतं रे. तू घरी यावंस असं मला वाटत होतं.

आज दुपारपर्यंत तुझीच,
बोदिल